बटाटा दरवर्षी का बसतो? मर, करपा आणि सड नेमकी ओळखायची कशी

खरिपातला बटाटा दीड महिन्याचा झाला की दरवर्षी तेच गाऱ्हाणं ऐकू येतं. "पीक चांगलं उभं होतं, आठ दिवसांत बसलं. फवारण्या झाल्या, ड्रेंचिंग झालं, काडीचा फरक नाही." कुणी त्याला करपा म्हणतं, कुणी मर म्हणतं, कुणी नुसतं "रोग पडला" म्हणून मोकळं होतं. दुकानात जाऊन एवढंच सांगितलं की तिकडून दोन पुड्या आणि एक बाटली हातात पडते. ती कधी लागू पडते, कधी पडत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तोच खेळ.

बटाट्याचे सगळे रोग पंपाने सुटत नाहीत. करपा पंपाने आवरतो, तोही वेळेत मारला तर. मर, सड, खरूज यांचं मूळ बियाण्यात, विळ्यात, पाण्यात आणि जमिनीत असतं, आणि ती तिथेच अडवावी लागतात. म्हणून आधी आपल्या शेतात नेमकं काय आहे ते ठरवायचं. त्याला पैसे लागत नाहीत. एक काचेचा ग्लास, एक धारदार चाकू आणि सकाळचा अर्धा तास पुरतो.

खालचं सगळं मुख्यतः पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव-खेड पट्ट्याला धरून आहे. सातगाव पठारावर, म्हणजे पेठ, कुरवंडी, भावडी, थुगाव या भागात, बटाटा हे खरिपाचं पावसावरचं पीक आहे, आणि ते सगळीकडे होत नाही. पाण्याचा निचरा होणारी हलकी जमीन आणि पावसाळ्यातला गारवा यावर ते उभं आहे. साताऱ्याकडे खटाव-माणमध्ये किंवा इतरत्र रब्बीत बटाटा घेणाऱ्यांना यातलं बरंच लागू पडेल. जिथे हंगामाने फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

आधी शेतात एक फेरी मारा

बांधावर उभं राहून निदान होत नाही. सरीत उतरा आणि दोन गोष्टी बघा: पीक किती दिवसांचं आहे, आणि रोगट झाडं शेतात कशी पसरली आहेत.

उगवणच विरळ असेल तर प्रश्न बियाण्याचा किंवा लावणीचा आहे. एक झाड इथे, दोन तिकडे असं सुरू होऊन मग उताराच्या दिशेने सरीत एकामागून एक झाडं माना टाकत असतील, तर बांगडीचा, म्हणजे जिवाणूमुळे येणाऱ्या मर रोगाचा, संशय घ्या. डाग खालच्या जुन्या पानांवर आधी आले आणि हळूहळू वर चढत असतील, तर तो लवकर येणारा करपा. तीन-चार दिवस आभाळ, भुरभुर आणि धुई राहिल्यानंतर सखल कोपऱ्यातून किंवा झाडीच्या आडोशाकडून एकदम काळपट पट्टा सुरू झाला, तर तो उशिरा येणारा करपा, आणि तिथे उद्याची वाट बघायची नाही. पाला शेवटपर्यंत हिरवागार आणि काढणीत मात्र बटाटा खराब, असं असेल तर गोष्ट वेगळी आहे. ती शेवटी घेतली आहे.

उगवण विरळ, उकरलं तर फोड सडलेली

आपल्याकडे बहुतेक बियाणं पंजाबातून येतं आणि मधले महिने शीतगृहात २ ते ४ अंशांत काढतं. जूनमध्ये तो कट्टा गाडीतून उतरला की गार बटाट्यावर दमट हवेतलं पाणी सुटतं. असा ओला, अजून झोपेत असलेला बटाटा कापून लगेच उबदार ओल्या मातीत गाडला, तर कोंब बाहेर पडायच्या आधी सड आत शिरते. पाऊस पडून गेलेला असतो, वापसा निघून जाईल म्हणून सगळ्यांची घाई चाललेली असते, ट्रॅक्टर दारात उभा असतो. ही घाईच नडते.

कट्टे आले की फोडून सावलीत, हवेशीर जागी बटाटा पातळ पसरा. आठ-दहा दिवस लागतात. अंधारात कोंडलात तर लांब, पांढरे, ठिसूळ कोंब येतात आणि लावताना मोडतात. थोडा उजेड मिळाला तर आखूड, जाड, रंगीत कोंब येतात, तेच हवेत. पसरताना प्रत्येक कट्ट्यातले चार-पाच बटाटे आडवे कापून बघा. आत तपकिरी कडं दिसलं, वास आला किंवा दाबल्यावर पाणी निघालं, तर तो लॉट लावायचा नाही. कट्ट्यावरचा टॅग आणि पक्की पावती जपून ठेवा. बियाण्यात खोट निघाली तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे जाताना तेवढाच पुरावा हातात असतो. टॅग चुलीत घालून मग कृषी अधिकाऱ्यापुढे उभं राहण्यात अर्थ नाही.

आता फोड करावी की नाही? खरिपात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ३० ते ५० ग्रॅमचा गोळी बटाटा अख्खा लावा. बियाणं जास्त लागतं, हे खरं. एरवी एकरी ६ ते ८ क्विंटलमध्ये भागतं, अख्ख्याला त्याहून जास्त जाऊ शकतं. पण जूनच्या ओलीत कापलेली फोड म्हणजे उघडी जखम. ती सडली तर त्या जागेचं खत, मजुरी सगळं गेलं. रब्बीत जमीन थंड आणि पाणी आपल्या हातात असतं, तिथे फोडी चालतात: प्रत्येकीवर दोन डोळे, वजन २५-३० ग्रॅमच्या खाली नको, काप शक्यतो उभा. कापल्यावर किमान १२ ते १६ तास सावलीत पातळ पसरून ठेवा म्हणजे कापलेल्या बाजूवर साल धरते. ढीग घालून वर ओली पोती टाकायची पद्धत काही ठिकाणी आहे. त्यात मध्ये ऊब धरते आणि सड तिथेच सुरू होते. मॅन्कोझेब हे बुरशीनाशक शंखजिऱ्यात (टाल्क पावडरीत) मिसळून फोडींवर चोळलं तर बुरशीपासून संरक्षण मिळतं. जिवाणूंवर त्याचा भरवसा धरू नका.

विरळ जागी उकरल्यावर बियाणं चांगलं दिसलं पण कोंबाचा शेंडा तपकिरी होऊन गळालेला असेल, आणि लावलेल्या बटाट्यावर काळे खडबडीत ठिपके असतील जे धुतल्यावरही जात नाहीत, तर ती काळी बुरशी, म्हणजे रायझोक्टोनिया. ती बियाण्यावरून येते. पसरताना असे ठिपकेदार बटाटे वेचून बाजूला काढा. फार खोल लावलं तर कोंब मातीत जास्त दिवस राहतो आणि ही बुरशी त्याला गाठते.

दुपारी मान टाकतं, संध्याकाळी उभं राहतं

सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो इथे. लक्षणं अशी: पान हिरवं, डाग नाही, पिवळेपणा नाही. दुपारच्या उन्हात एखादी फांदी नाहीतर अख्खं झाड माना टाकतं. संध्याकाळी ते पुन्हा ताठ दिसतं, म्हणून माणूस म्हणतो पाणी कमी पडलं असेल, आणि पाणी सोडतो. दोन-तीन दिवसांत ते झाड कायमचं बसतं, आणि सोडलेल्या पाण्याने रोग खालच्या झाडांकडे गेलेला असतो.

याला आपल्याकडे बांगडी म्हणतात. शास्त्रीय नाव राल्स्टोनिया सोलानासिअरम हा जिवाणू. पुणे जिल्ह्याचं आणि याचं नातं जुनं आहे. भारतात बटाट्यावर या रोगाची पहिली नोंद १८९२ साली पुणे जिल्ह्यातूनच झाली. म्हणजे "हल्लीच्या बियाण्यानेच रोग आणला" हे पूर्ण खरं नाही. बियाण्याने तो येतो हे नक्की, पण इथल्या जमिनीलाही तो नवा नाही.

ओळख पक्की करायची तर ग्लासची परीक्षा करा. माना टाकलेलं, पण अजून हिरवं असलेलं झाड निवडा. वाळलेलं चालत नाही. जमिनीलगतचं खोड चाकूने कापा. कापलेल्या तोंडावर सालीच्या आत तपकिरी ठिपक्यांची कडी दिसेल. त्या खोडाचा दोन-अडीच इंचाचा तुकडा घ्या. स्वच्छ काचेच्या ग्लासात साधं पाणी भरा, हलायचं थांबू द्या, आणि तुकडा उभा धरून त्याचं खालचं टोक फक्त पाण्यात बुडेल असा ठेवा. काठाला सुतळीने बांधला तर हात हलायचा प्रश्न उरत नाही. ग्लासमागे काळा कागद किंवा गडद कापड धरा. बांगडी असेल तर काही मिनिटांत खोडाच्या टोकातून दुधाच्या बारीक धारेसारखा पांढुरका धागा सरळ खाली उतरताना दिसतो. शेजारी निरोगी झाडाचा तुकडा दुसऱ्या ग्लासात ठेवा म्हणजे फरक कळतो. धागा उतरला नाही आणि खोडाच्या बुंध्याशी काळी, बुळबुळीत, वास मारणारी सड दिसली, तर ती काळा पाय किंवा मऊ सड. तिथे मुख्य दोष साचलेल्या पाण्याचा असतो. धागा नाही, पानं आधी खालून पिवळी पडून मग झाड सुकलं, तर ती बुरशीची मर असू शकते.

बटाट्यातही खूण दिसते. आडवा कापून दाबला तर तपकिरी कड्यातून पांढुरका चिकट स्राव येतो, आणि काढणीत अशा बटाट्याच्या डोळ्यांना माती चिकटून बसलेली असते.

बांगडी ठरली की पहिलं काम: मॅन्कोझेब, मेटॅलॅक्झिल, हेक्साकोनॅझोल, सगळी बुरशीनाशकं बाजूला ठेवा. जिवाणूला त्यातल्या कशाचंच काही वाटत नाही. कॉपर आणि स्ट्रेप्टोसायक्लिनचं ड्रेंचिंग सर्रास केलं जातं, पण जिवाणू झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत बसलेला असतो. मुळाशी ओतलेलं द्रावण तिथवर जाऊन बसलेल्या झाडाला उठवत नाही. उभ्या पिकात जे होतं ते एवढंच: रोगट झाड मुळासकट, खालच्या बटाट्यांसकट आणि भोवतालच्या मातीसकट उचलून पोत्यात भरून शेताबाहेर न्या. बांधावर टाकू नका, पाऊस ते परत आत आणतो. त्या सरीतलं पाणी पुढे जाऊ देऊ नका. शक्य तिथे आडवी माती घालून दुसरीकडे वळवा. त्या तुकड्यात खुरपणी आणि भर लावणं थांबवा. तुटलेलं प्रत्येक मूळ म्हणजे जिवाणूला आयतं दार.

खरी लढाई पुढच्या वर्षीच्या लावणीआधीची आहे. तिथे सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे विळा. फोडी करायला बायका पोत्यावर बसतात, बोलत बोलत हात चालू असतो, आणि कापताना मध्येच एखादा कडं पडलेला बटाटा येतो. बाई तो बाजूला फेकते, विळा पदराला पुसते आणि पुढचा बटाटा घेते. तो जिवाणू आता पुढच्या कित्येक फोडींना लागलेला असतो, आणि शेतात त्या फोडी कुठे कुठे जातील ते कुणालाच माहीत नसतं. "एक झाड इथे, एक तिकडे" ही सुरुवात अनेकदा अशी होते. उपाय सोपा आहे. प्रत्येकीला दोन विळे द्या. एक ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडालेला, एक हातात. खराब बटाटा कापला गेला की विळा बदलायचा. खराब नसला तरी थोड्या थोड्या वेळाने बदलायचा. पाणी गढूळ झालं की टाकून नवं करायचं. खरिपात फोडच करू नका म्हणतो त्याचं हे दुसरं कारण.

जमिनीसाठी: मे महिन्यात खोल नांगरून ढेकळं तापू द्या. लावणीच्या वेळी सरीत हेक्टरी १२ किलो, म्हणजे एकरी साधारण ५ किलो, ब्लीचिंग पावडर टाकून मातीत मिसळायची शिफारस आहे. हातमोजे घाला, नाका-तोंडाला फडकं बांधा, पावडर ताजी आणि झणझणीत वासाची घ्या, आणि ती युरियात कालवून ठेवू नका. पण हा आधार आहे, फेरपालटाला पर्याय नाही. बटाट्यानंतर टोमॅटो, वांगी, मिरची किंवा आलं घेतलं तर जिवाणूला तुम्ही वर्षभर जेवू घालताय. आमच्याकडे पैशाची पिकं नेमकी हीच असल्यामुळे हा सल्ला ऐकायला कुणाला आवडत नाही. तरी ज्या तुकड्यात बांगडी निघाली तिथे दोन-तीन वर्षं मका, ज्वारी, बाजरी, गहू, कांदा, लसूण किंवा कोबी घ्या. अख्ख्या शेताला नाही जमलं तर तेवढ्या तुकड्याला तरी. आणि कामोणीसारखी तण त्या काळात माजू देऊ नका, कारण तीही बटाट्याच्याच कुळातली.

पाला करपतो: पण कोणता करपा?

दोन करपे आहेत आणि दोघांची औषधं, हवामान आणि घाई वेगवेगळी आहे.

लवकर येणारा करपा अल्टरनेरिया बुरशीचा. खालच्या, वयस्क पानांवर गडद तपकिरी डाग, त्यात एकात एक वर्तुळं, भोवती पिवळी कडा. डाग वाळलेला, कुरकुरीत असतो आणि शिरांशी अडल्यामुळे थोडा कोनेदार दिसतो. साधारण २४ ते २९ अंशांची उबदार हवा, मध्येच पाऊस मध्येच उघडीप, असं त्याला मानवतं. भुकेलेल्या, ताण बसलेल्या पिकावर तो जास्त चढतो. हा सावकाश चालतो, त्यामुळे इथे विचार करायला वेळ मिळतो. नत्राचा दुसरा हप्ता राहिला असेल तर तो आधी द्या आणि मॅन्कोझेब २ ते २.५ ग्रॅम प्रति लिटर मारा. पुढे वाढला तर डायफेनोकोनॅझोल किंवा अझॉक्सिस्ट्रोबिन यांपैकी लेबलवर बटाटा लिहिलेलं औषध घ्या.

उशिरा येणारा करपा फायटोप्थोरा इन्फेस्टन्सचा. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाटा कुजून जो दुष्काळ पडला आणि सुमारे दहा लाख माणसं गेली, तो हाच. पानाच्या टोकाकडून किंवा कडेकडून पाणी मुरल्यासारखा हिरवट-काळपट डाग सुरू होतो, त्याला ठरावीक आकार नसतो, शिरा त्याला अडवत नाहीत. सकाळी दव असताना पान उलटं करा: डागाच्या कडेला पांढरी लव दिसली की निदान झालं. दुपारी तीच लव उन्हाने नाहीशी होते, म्हणून शेत बघायला अकरा वाजता गेलात तर काही हाती लागत नाही. देठावर आणि खोडावर तपकिरी-काळे चट्टे पडतात आणि तिथून फांदी मोडते. १० ते २० अंशांचा गारवा आणि जवळपास सतत ओली पानं एवढं मिळालं की चार-पाच दिवसांत नवे डाग तयार, आणि आठवड्यात शेत काळं. पठारावर जुलै-ऑगस्टमध्ये धुई उतरते आणि दोन दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा लक्ष इकडे ठेवायचं.

हा जीव खरी बुरशी नाही. दिसतो बुरशीसारखा, पण त्याचं कूळ वेगळं. व्यवहारात याचा अर्थ असा की कार्बेन्डाझिम त्याच्यावर चालत नाही. गंमत अशी की कार्बेन्डाझिम लवकर येणाऱ्या करप्यावरही चालत नाही. तरीही बटाट्याच्या करप्याला पहिली पुडी बऱ्याचदा तीच निघते. मॅन्कोझेब मिसळलेली पुडी असेल तर जो काही उपयोग होतो तो मॅन्कोझेबचा. हेक्साकोनॅझोलसारखी औषधंही फायटोप्थोराला लागू पडत नाहीत. "महागातलं मारलं तरी थांबला नाही" यामागे बऱ्याचदा औषध खोटं नसतं, चुकीच्या रोगावर मारलेलं असतं.

क्रम असा ठेवा. पाल्याने सरी झाकायला आली आणि हवा आभाळाची झाली की रोग दिसायच्या आधी मॅन्कोझेब २ ते २.५ ग्रॅम प्रति लिटर. हे पानाच्या वर थर देऊन बसतं. आत शिरलेल्या रोगाला ते काही करू शकत नाही, म्हणून ते आधीच हवं. पहिला डाग दिसला की सायमोक्झॅनिल ८ टक्के अधिक मॅन्कोझेब ६४ टक्के हे मिश्रण ३ ग्रॅम प्रति लिटर, किंवा डायमेथोमॉर्फ १ ग्रॅम अधिक मॅन्कोझेब २ ग्रॅम प्रति लिटर. दहा दिवसांनी पुन्हा. हवा फारच खराब असेल तर अंतर कमी करावं लागतं. तेच तेच औषध लागोपाठ नको. मेटॅलॅक्झिल एके काळी हुकमी होतं, पण त्याला दाद न देणारे प्रकार देशात पसरले आहेत, म्हणून एकट्या त्याच्यावर विसंबू नका. औषधांची नोंदणी आणि शिफारस बदलत असते. डब्यावर बटाट्याचं नाव, प्रमाण आणि काढणीपूर्वी सोडायचे दिवस वाचूनच घ्या.

मारण्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची. पाला दाट झाल्यावर एकराला आठ-दहा पंपांखाली भागत नाही, २०० लिटरच्या आसपास पाणी लागतं. लव पानाच्या खाली असते आणि आपण वरून धुरळा उडवून पुढे जातो. नोझल खालून वर धरा, सरीत चालत मारा. पावसाळ्यात चिकटणारं द्रव्य घाला आणि मारल्यावर चार-पाच तास उघडीप मिळेल अशी वेळ साधा. बुरशीनाशक, कीटकनाशक, टॉनिक आणि विद्राव्य खत एकाच टाकीत घालून केलेली खिचडी टाळा. मजुरी वाचते, पण टाकीत काय फाटलं आणि पानं कशाने भाजली हे मग कुणालाच सांगता येत नाही.

एक गोष्ट खताबद्दल. पीक काळंभोर दिसावं म्हणून युरिया वाढवला की पाला गच्च होतो, आत हवा खेळत नाही, सकाळचं दव दुपारपर्यंत टिकतं. करप्याला याहून काय हवं! माती परीक्षणाप्रमाणे पालाश पूर्ण द्या आणि नत्र हप्त्याने.

बाकीचे, थोडक्यात

पानं कडेने वर वळून ताठ, चामड्यासारखी झाली, किंवा पानावर हिरवे-पिवळे चट्टे येऊन झाड खुजं राहिलं, तर तो विषाणू. औषध नाही. मावा त्याची ने-आण करतो. शंभर पानांमागे वीस मावा ही बियाण्याच्या पिकासाठीची धोक्याची पातळी. घरचंच बियाणं वर्षानुवर्षं फिरवणाऱ्यांचं उत्पादन दरसाल थोडं थोडं उतरतं ते यानेच. बियाणं बदला.

सालीवर खडबडीत खवले, म्हणजे खरूज: बटाटा धरताना जमीन कोरडी पडली, किंवा कच्चं शेणखत घातलं, किंवा जमीन चुनखडीची. बटाटा धरायच्या दिवसांत ओल तुटू देऊ नका आणि शेणखत पूर्ण कुजलेलंच घाला.

रब्बीत काढणी लांबली, मार्चच्या उन्हाने वरंबा तापला आणि बटाट्याचे डोळे काळे पडून आत कोळशासारखी सड निघाली, तर तो खोक्या. माती तापायच्या आत काढा. राहिलंच तर हलकं पाणी देऊन जमीन थंड ठेवा.

बटाट्यात बारीक भोकं, तोंडाशी काळी विष्ठा आणि आत पोखरलेले बोगदे असतील तर ती पाकोळीची अळी. वरंब्याला भेगा पडल्या किंवा बटाटा उघडा राहिला की मादी तिथे अंडी घालते. भर नीट लावली तर निम्मं काम होतं. हिरव्या पडलेल्या बटाट्यालाही कारण हेच, उघडं पडणं. तो मात्र रोग नव्हे आणि खाण्याजोगाही नव्हे.

काढणी आणि आरण

करपा असो नसो, काढणीआधी दहा ते पंधरा दिवस पाला कापून शेताबाहेर काढा. साल पक्की होते, आणि पाल्यावरचा करपा पावसाच्या पाण्याबरोबर खाली बटाट्यात उतरत नाही. करप्याने चारातले तीन हिस्से पाला गेला असेल तर फवारणीवर आणखी खर्च न करता सरळ कापा. आहे तेवढा बटाटा तरी निरोगी निघेल.

पाला कापायच्या आधी बांगडीच्या जागांना खुंट्या ठोकून ठेवा. कापल्यावर ती जागा सापडत नाही. त्या तुकड्यातला बटाटा सगळ्यात शेवटी काढा, वेगळा भरा, वरून कितीही चांगला दिसला तरी त्यातला एकही बियाण्याला ठेवू नका, आणि तिथे वापरलेली अवजारं धुतल्याशिवाय दुसऱ्या शेतात नेऊ नका.

काढलेला ढीग रात्री पाल्याने झाकायची सवय मोडा. पाकोळी पाल्यावरून थेट बटाट्यावर येते. आरण, म्हणजे शेतातच ढीग घालून झाकून साठवण, लावायची असेल तर आधी सावलीत सुकवून कापलेला, सोललेला, ओला, डागी सगळा माल वेगळा काढा. एक सडका बटाटा आत राहिला तर वास येईपर्यंत भोवतालचे सगळे गेलेले असतात. जागा झाडाच्या सावलीची आणि उंचवट्याची घ्या. तळाला आणि वर घाणेरीचा वाळलेला पाला एक-दोन बोटं जाड पसरला तर पाकोळी बरीच रोखली जाते, आणि बांधावर तो फुकट मिळतो. आठवड्याने एकदा कडेचा पाला बाजूला करून हात घालून बघा. आत ऊब किंवा ओल लागली तर तेवढी बाजू लगेच उघडून निवडून घ्या, आणि बाजारभाव काहीही असो, तो माल त्याच आठवड्यात हलवा.